नऊ मिलिमीटरची छोटी लाइन

नागभीडहून नागपूरच्या इतवारीला जाणाऱ्या जुन्या रेल्वेच्या दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतर होतं. म्हणजे अडीच फूट. १:८७ या मापाच्या मॉडेलसाठी या आकड्याला ८७ ने भागलं की उत्तर येतं ८.७६. जपानमधल्या मॉडेल रेल्वेचा सगळ्यात मोठा बाजार ज्या रुळावर उभा आहे त्याची रुंदी आहे ९ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचा, वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाने जपानी मॉडेल रेल्वेच्या नादी का लागावं, असं कोणी विचारलं तर मी हा भागाकार करून दाखवतो. बहुतेक लोक त्यानंतर विषय बदलतात.

जपानी रेल्वे म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट बुलेट ट्रेनवर जाते. १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादेत मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी झाली आणि ई५ शिंकान्सेनचं ते लांब नाक, हिरवं कपाळ आणि गुलाबी पट्टा सगळ्या वर्तमानपत्रांत आला. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी छंदिष्टांची पहिली जपानी गाडी ई५ च असते. माझ्याकडेही ती आहे. दहा डब्यांची पूर्ण गाडी मांडली तर दीड मीटरहून लांब होते, आणि पाहुणे आले की तीच बघायला मागतात. पण ती मांडून झाली, दोन फेऱ्या मारल्या, की पुढे करायचं काय हा प्रश्न उरतो. टेबलावर तिच्या बाजूला काय ठेवणार? माउंट फुजी? तो मी कधी पाहिलेला नाही. मी पाहिलं आहे ते उमरेडचं स्टेशन, भिवापूरच्या बाजारातल्या मिरचीच्या राशी, आणि नागभीडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीकडे पळणारी माणसं.

*

आधी थोडं जपानचं. सेकिसुई किन्झोकू नावाची कंपनी १९५७ साली निघाली. आज जग तिला 'कातो' या नावाने ओळखतं. तिने १९६५ मध्ये सी५० या वाफेच्या इंजिनाचं ९ मिलिमीटर रुळावर धावणारं मॉडेल बाजारात आणलं. जपानमधल्या एन गेजची सुरुवात तिथून झाली. १९७६ मध्ये खेळण्यांच्या व्यवसायातल्या तोमी कंपनीने 'तोमिक्स' हा ब्रँड काढला आणि दोघांची चुरस लागली. त्याआधी जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता त्या काळापासून तिथले कारागीर पितळेची इंजिनं हाताने घडवून अमेरिकेला विकत होते. ती आजही संग्राहकांच्या लिलावात भाव खातात. पण जपानी घरात जागा असते बेताची. पितळी इंजिनाला लागणारं वळण तिथल्या खोलीत मावत नाही. जेवणाच्या टेबलावर सकाळी मांडायची आणि संध्याकाळी डब्यात भरायची अशी रेल्वे हवी होती, ती एन गेजने दिली. रूळ खडीसकट एकाच तुकड्यात येतात, एकमेकांत खटकन बसतात, खिळा-हातोडी लागत नाही. सहा-सात डबे पुस्तकासारख्या उघडणाऱ्या खोक्यात बसतात आणि ते खोकं कपाटात उभं ठेवता येतं. चंद्रपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसालाही हे सोयीचं पडतं, हे वेगळं सांगायला नको.

आता जरा गणित, कारण या छंदात ते टाळता येत नाही. युरोप-अमेरिकेतली रेल्वे १४३५ मिलिमीटरची. तिला १६० ने भागलं की ८.९७, म्हणजे नऊ मिलिमीटरचा रूळ बरोबर बसतो. जपानमधली जुनी सरकारी रेल्वे मात्र १०६७ मिलिमीटरची. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा ही पहिली लाइन इंग्रज इंजिनिअरांच्या हातून त्याच मापाने पडली आणि पुढे देशभर तेच माप राहिलं. म्हणून जपानी कंपन्यांनी गाड्या थोड्या मोठ्या केल्या, १:१५० ला, पण रूळ नऊ मिलिमीटरचाच ठेवला. परिणाम असा की जपानी साधी गाडी स्वतःच्याच रुळावर जरा फेंगडी उभी असते. हिशोबाने रूळ सात मिलिमीटरचा हवा होता. जपानी छंदिष्टांनी त्याकडे कानाडोळा करून साठ वर्षं काढली. शिंकान्सेन तेवढी १४३५ ची, म्हणून ती १:१६० ला करतात आणि ती मापात बसते.

आपलं दुखणं उलटं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, जगातल्या बहुतेक रेल्वेंपेक्षा रुंद. १:१६० ला तिला साडेदहा मिलिमीटरचा रूळ लागतो आणि १:८७ ला सव्वाएकोणीस. या मापाचा रूळ डब्यात भरून कोणी विकत नाही. बल्लारपूरच्या पुलावर उभं राहून कोळशाच्या गाड्या बघणाऱ्या पोराने हौसेने भारतीय इंजिनाचं मॉडेल केलं आणि बाजारातल्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर ठेवलं, तर इंजिनाची चाकं पोटाखाली ओढल्यासारखी दिसतात. सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. रोज स्टेशनवर जाणाऱ्याच्या लगेच येतं. बल्लारपूर तर असं जंक्शन आहे की मध्य, दक्षिण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा तीन रेल्वे झोनची इंजिनं एका जागी दिसतात. २०१८ मध्ये देशातल्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत बल्लारशाह (म्हणजे बल्लारपूरचंच स्टेशन) आणि चंद्रपूर ही दोन्ही स्टेशनं पहिली आली, भिंतींवर रंगवलेल्या ताडोबाच्या वाघ-अस्वलांमुळे. इतकं मॉडेल करण्याजोगं स्टेशन हाताशी असून रूळ मात्र मापाचा मिळत नाही.

मापात बसते ती एकच, छोटी लाइन.

*

अडीच फुटी गेजची कथा महाराष्ट्रातच सुरू होते, पण विदर्भात नव्हे, बार्शीला. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली आणि कमी खर्चात, हलक्या रुळांवर जास्त माल ओढता येतो हे आकड्यांनी दाखवलं. पुढच्या काही वर्षांत बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर असं सातपुड्याच्या दोन्ही अंगांना ७६२ मिलिमीटरचं जाळं विणलं. गोंदियाहून वडसा, नागभीड करत चांदा फोर्टपर्यंत येणारी आणि नागभीडहून फुटून भिवापूर, उमरेड, कुही मार्गे नागपूरला जाणारी, या दोन फांद्या आपल्या वाट्याच्या. त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आजही या अवाढव्य जंगल जिल्ह्यात रेल्वे येते ती फक्त कडेला, वडशाला.

या लाइनीवर आधी वाफेची इंजिनं होती. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची सीसी वर्गातली इंजिनं या जाळ्याचा मोठा आधार होती. नंतर चित्तरंजनची झेडडीएम डिझेल आली. १९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला. नागपूर-नागभीड मात्र सुटली. जवळपास १०६ किलोमीटरचा हा तुकडा पुढची वीसेक वर्षं तसाच, छोटाच राहिला. नागभीडला एका बाजूला मोठी गाडी आणि दुसऱ्या बाजूला छोटी. नोव्हेंबर २०१९ मध्ये छोटी गाडी थांबली आणि गेज बदलाचं काम सुरू झालं.

मला छोटी गाडी फार प्रिय होती असं म्हटलं तर ते अर्धसत्य होईल. पावसाळ्यात ती कुठेही उभी राहायची, उन्हाळ्यात डबा तापून भट्टी व्हायचा, आणि घाई असलेला माणूस एसटीने जायचा. तिच्या बंद होण्यावर गळा काढणाऱ्यांत बरेच जण असे आहेत की ज्यांनी तिच्यातून शेवटचा प्रवास कधी केला ते त्यांना आठवत नाही. नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालेलं नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथली इंजिनं बघून झाली की लोक आवारातल्या मुलांच्या गाडीत बसतात आणि घरी जातात. मॉडेल करायचं तर त्या संग्रहालयात फुटपट्टी घेऊन जावं लागतं. बफर जमिनीपासून किती उंच, खिडकीची चौकट किती रुंद, पायरी किती आत, हे सगळं लिहून घ्यावं लागतं, कारण या गाडीचं तयार मॉडेल ना जपानमध्ये मिळतं ना जर्मनीत.

जपानमध्ये मिळतो तो तिचा पाया. कातोच्या एन गेजच्या छोट्या मोटरबोगी, बोटभर लांबीच्या, ज्यात मोटर, गिअर आणि चाकं तयार बसवलेली असतात. त्यावर आपली झेडडीएम चढवायची. कोणी पितळी पत्र्याची करतो, कोणी प्लॅस्टिकची, आता थ्रीडी प्रिंटर आल्यापासून पुण्या-नागपुरातून छापूनही मिळते. खाली जपानी यंत्र, वर विदर्भातलं इंजिन, रूळ नऊ मिलिमीटरचा, माप १:८७. एवढ्या कमी खोटेपणात भारतीय रेल्वेचं दुसरं कोणतंही मॉडेल होत नाही.

*

हे जमतं, कारण जपान्यांच्या मनातही ७६२ मिलिमीटरची एक जंगलगाडी आहे.

मध्य जपानच्या नागानो प्रांतात किसो नावाचं खोरं आहे. तिथला हिनोकी हा वृक्ष, आपल्या सागवानासारखाच, सरळ वाढणारा, टिकाऊ, सुगंधी. इसे इथल्या शिंतो मंदिराची वास्तू दर वीस वर्षांनी नवी उभारतात. अलीकडची उभारणी २०१३ ची. त्यासाठीचं लाकूड किसोच्या जंगलातून येतं. सरंजामी काळात तिथे चोरून झाड तोडणाऱ्याचं मुंडकं उडवायचा कायदा होता. विसाव्या शतकात, १९१६ पासून, या जंगलात ७६२ मिलिमीटरची रेल्वे पडली. अमेरिकेतून आणलेली बाल्डविन कंपनीची लहान इंजिनं, त्यांच्या मागे ओंडक्यांनी भरलेल्या चाकगाड्या आणि डोंगराच्या कुशीतून जाणारी वळणं. १९७५ मध्ये रस्ते आणि ट्रकांनी तिला संपवलं. १९८७ पासून आकासावाच्या जंगलात तिचा एक छोटा तुकडा पर्यटकांसाठी पुन्हा चालतो.

किसोची गाडी बंद होऊन पन्नास वर्षं उलटली, पण मॉडेलच्या दुकानात ती अजून चालू आहे. जंगल रेल्वेची, चहाच्या टपरीएवढी इंजिनं, ओंडक्यांच्या गाड्या, लाकडी डबे, १:८७ ला, नऊ मिलिमीटरच्या रुळावर. तोमीच्या घरातल्या तोमीतेक कंपनीने तर १:८० च्या मापात काल्पनिक छोट्या लाइनीच्या गाड्यांची मालिका काढली आहे. ती लाइन नकाशावर कुठेच नाही, पण तिला नाव आहे, स्टेशनं आहेत. आपल्याकडे खरीखुरी लाइन होती आणि तिच्या एका डब्याचं मॉडेल नाही, याचा मला कधीकधी राग येतो.

किसो आणि आपलं जंगल यांच्यात मोठा फरक असा की गडचिरोलीतल्या आलापल्ली, सिरोंचाच्या जंगलात लाकूड ओढायला हत्ती होते. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या कामातूनच उभा राहिला. लाकूड जंगलातून ट्रकवर जायचं आणि ट्रकवरून बल्लारपूरच्या डेपोत. त्या डेपोतून मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं, बल्लारपूर ते चंद्रपूर शोभायात्रा निघाली. इसेला किसोचा हिनोकी आणि अयोध्येला आलापल्लीच्या पट्ट्यातलं सागवान. देवाच्या दारासाठी दोन्हीकडे जंगलाचाच दरवाजा ठोठावतात. आलापल्लीच्या जंगलाचा एक जुना तुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाने राखला आहे आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथला सागाचा बुंधा बघितला की वाटतं, किसोतली ती टपरीएवढी इंजिनं इथे असती तर त्यांचं काय झालं असतं.

जपान आणि दंडकारण्य यांचा संबंध मात्र खेळण्यांपुरता नाही. इंद्रावतीच्या पलीकडे, आज छत्तीसगडात असलेल्या बैलाडिलाच्या डोंगरातलं लोहखनिज जपानी पोलाद कारखान्यांना पाठवण्यासाठी १९६० च्या दशकात कोत्तवलसा-किरंदुल ही रेल्वे बांधली गेली. घाटातल्या त्या अवघड लाइनीवर खनिजाच्या गाड्या ओढायला १९८८ मध्ये हिताचीची सहा हजारांवर अश्वशक्तीची विजेची इंजिनं आली. म्हणजे लोखंड गेलं विशाखापट्टणमवरून आणि इंजिन होऊन परत आलं. इंद्रावतीच्या अलीकडे, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडचा डोंगर तसाच लोखंडाचा. तिथलं खनिज वर्षानुवर्षं ट्रकांनी बाहेर पडलं. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावरच्या लोकांना विचारा त्या ट्रकांबद्दल.

*

गाडी मागवायची कशी, हा खरा किचकट भाग.

जपानमध्ये मॉडेल कंपन्या कित्येक महिने आधी जाहीर करतात की अमुक गाडी अमुक महिन्यात येणार. दुकानं नोंदणी घेतात. एकदाच माल निघतो, संपला की संपला. पुन्हा कधी निघेल ते कंपनीच्या मर्जीवर, कधी दोन वर्षांनी, कधी दहा. पूर्ण गाडी एका खोक्यात मिळेलच असंही नाही. आधी मूळ संच, मग जोडडब्यांचा संच. मूळ संच मिळाला आणि जोडसंच हातचा गेला तर अर्धीच गाडी घेऊन माणूस वर्षानुवर्षं बसतो. त्यामुळे खरी मजा जुन्या मालाच्या दुकानांत आहे. तिथे प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते. चाकं काळी पडली आहेत, एक आरसा नाही, नंबरांचे स्टिकर वापरलेले नाहीत. आपल्या जुन्या बाजारात विकणारा दोष लपवतो. इथे दुकानदार स्वतःच दोषांची यादी चिकटवतो, आणि ती वाचून माझा तरी मोह वाढतो.

तिथून इथे आणायचे दोन मार्ग. पहिला, माणूस. तोक्योच्या एदोगावा वॉर्डमध्ये, निशीकासाईच्या आसपास, भारतीय सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी वस्ती आहे. त्यात मराठी भरपूर. पुण्यातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डच्या सभेवर निवडून आले होते. दिवाळीला घरी येणारा कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी जावई, त्याच्या बॅगेत एक-दोन खोकी बसवायची. २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणायची मुभा होती. पण भाच्याला स्वतःच्या आईसाठी काही आणायचं असतं, बायकोच्या माहेरची यादी असते. रेल्वेचा नंबर शेवटचा लागतो. शिवाय जावयाला सांगायचं कोणत्या तोंडाने? पन्नाशीतला सासरा खेळण्यातली आगगाडी मागतो आहे, हे त्याच्या ऑफिसात कळलं तर?

दुसरा मार्ग टपालाचा. इथे 'खेळणं' हा शब्द नुसता सामाजिक राहत नाही, कायदेशीर होतो. जगभरच्या सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ हा एक क्रमांक आहे. बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि प्रमाणात लहान केलेली मॉडेलं, चालती असोत वा नसोत, सगळी त्यात. मापात अर्धा मिलिमीटर चुकला तर रात्रभर झोप न लागणारा माणूस आणि पहिलीतलं पोर यांच्यात ही यादी फरक करत नाही. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार म्हणून हे केलं आणि त्याचा फायदा त्या उद्योगाला झालाही असेल. पण नागभीड लाइनीची मोटरबोगी देशात कोणी करत नाही, म्हणून संरक्षण नेमकं कोणाचं झालं हे मला कळलेलं नाही.

डिसेंबर २०१९ पर्यंत एक पळवाट होती. कमी किमतीची भेटवस्तू म्हणून पार्सल यायचं. परदेशी ऑनलाइन दुकानांनी त्याचा इतका गैरवापर केला की सरकारने ती बंद केली. टपालाने येणाऱ्या विनाशुल्क भेटींतून वाचली ती जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेट नव्हे, फक्त राखी, असं त्या आदेशात स्पष्ट म्हटलं आहे. अशा आदेशाचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला नक्कीच बहीण असणार.

त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. तोमिक्सच्या खोक्यांवर जपानीत छापलेलं असतं की हा माल पंधरा वर्षांवरच्यांसाठी. हा एक वर्षाचा फरक छंदिष्टाचा सगळ्यात मोठा वकील आहे. अट एवढीच की तपासणाऱ्याला ते जपानी वाक्य दाखवता आलं पाहिजे. अनुभवी मंडळी विक्रेत्याला सांगतात की कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'टॉय' लिहू नको, 'संग्राहकांसाठी रेल्वे मॉडेल' असं लिही, खरी किंमत टाक आणि बिल बाहेर चिकटव. किंमत कमी दाखवणारे असतात. पार्सल अडकलं की मग बिल आणि खरी रक्कम यांची जुळवणी करता करता मूळ किमतीइतका मनस्ताप होतो. मी प्रामाणिकपणाच्या बाजूने आहे. नैतिक कारण आहेच, शिवाय अडकलेल्या पार्सलचा पाठपुरावा चंद्रपुरात बसून होत नाही.

गाडी घरी पोचली तरी एक सापळा उरतो. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची. तिथल्या बाजारासाठीचा पॉवर पॅक आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर छंद पहिल्याच संध्याकाळी संपतो, वासासकट. मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, किंवा इथलाच बारा व्होल्टचा नियंत्रित पुरवठा वापरावा. रुळात शेवटी बारा व्होल्ट डीसीच जाते. हे काम चंद्रपूरचा कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला करून देतो, आणि गाडी चालू झाली की पैसे न घेता अर्धा तास बसतो.

*

जपानी कंपन्यांनी चंद्रपूरच्या मे महिन्याचा विचार केलेला नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पाच मीटर रुळाला तीस अंशांचा फरक पडला तर तो अडीच मिलिमीटर वाढतो. जोडांत फट ठेवली नसेल तर सकाळी सरळ असलेला रूळ दुपारी पोक काढतो. इंजिनाच्या चाकांवरची रबरी कडी चिकट होते. वातानुकूलित खोलीत वाढलेल्या जपानी गाडीला हा प्रकार नवा असतो. धूळ तर आहेच. २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि चहूबाजूंनी कोळशाच्या खाणी असलेल्या गावात रूळ पुसल्याशिवाय गाडी फेरी पूर्ण करत नाही. पुण्यातले छंदिष्ट महिन्यातून एकदा रूळ पुसतात. आम्ही गाडी चालवायच्या आधी पुसतो आणि चालवून झाल्यावर पुन्हा.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाबद्दल बोललं पाहिजे. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सचे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या या वेडाचं १ एप्रिल १९९८ ला संग्रहालय झालं. खोलीभर शहर, सिग्नल, पूल, सर्कस, आणि दिवे मालवले की रात्र. महाराष्ट्रात मॉडेल रेल्वे या शब्दाला लोकांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहतं ते या माणसामुळे. पण ते शहर कुठलंही असू शकतं, बरंचसं युरोपातलं वाटतं. माझी तक्रार नाही. पहिल्याने रूळ टाकावेत, पुढच्यांनी गावं वसवावीत.

गाव वसवायला इथे काही कमी नाही. चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या कामात उरलेल्या काड्यांतून १:८७ चं कुंपण, कुडाची भिंत, बैलगाडीचे दांडे होतात. सागवानाची पातळ साल काढली की स्लीपर होतात. माणसांची मात्र अडचण आहे. जर्मनीची प्रायझर कंपनी १:८७ ची माणसं रंगवून विकते. बिअर पिणारे, बर्फावर घसरणारे, लग्नाचा फोटो काढणारे, सगळे मिळतात. झाडीपट्टीचं नाटक बघायला बसलेली माणसं मिळत नाहीत. दिवाळीनंतर वडसा आणि नागभीडच्या पंचक्रोशीत रात्र रात्र नाटकं चालतात, वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं लागतात, बैलांचे शंकरपट भरतात. स्टेशनच्या मागे खड्डा खणून केलेलं प्रेक्षागृह, उजळलेला मंडप आणि ब्लँकेटं पांघरलेली दोनशे माणसं, हे मॉडेलमध्ये नसेल तर ते नागभीड कसलं? म्हणून बिअर पिणाऱ्या जर्मनांचे मग कापून काढायचे, अंगावर टिश्यू पेपरच्या शाली चिकटवायच्या आणि त्यांना नाटकाला बसवायचं.

संपूर्ण लाइन करायची म्हटली तर १०६ किलोमीटरला ८७ ने भागून सव्वा किलोमीटर रूळ लागेल. त्यामुळे निवड करावी लागते. मला भिवापूर आणि नागभीड पुरतात, मध्ये थोडं जंगल. जंगलात वाघ ठेवायचा का, यावर घरात मतभेद आहेत. नाक ते शेपूट नऊ फुटी वाघ या मापात तीन सेंटिमीटरचा होतो. मुलांना तो रुळाच्या अगदी जवळ हवा असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याजवळ गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले, तेव्हापासून मी त्याला झाडीत मागे ठेवतो. खऱ्या लाइनीवरही उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूने रुंद रूळ टाकताना वन्यजीवांनी कुठून ओलांडायचं याचा खल झालाच.

नागभीड करताना शेवटची अडचण येते ती मोठ्या लाइनीची. तिथे दोन्ही गेज शेजारी होती, म्हणून नऊ मिलिमीटरच्या बाजूला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवाच. तो मी हाताने टाकला. जुन्या रुळांची पट्टी, सागाचे स्लीपर, प्रत्येक ठिकाणी मोजमाप. त्यावर धावेल असं इंजिन मात्र मिळत नाही आणि चाकं रुंद करून यंत्र बसवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून कोळशाच्या रिकाम्या वाघिणींची एक मालगाडी तिथे कायमची उभी आहे, समोर सिग्नल लाल. चौकस पाहुणे विचारतात, ही का हलत नाही? मी सांगतो, छोटी गाडी सुटल्याशिवाय तिला लाइन मिळत नाही.